शून्य मिनिटांची वाचक

मोठ्या बाईंनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि चष्मा काढून हातात धरला. मुख्याध्यापिकांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि मोठ्या बाईंनी चष्मा काढला की समोरच्या पालकाने आधी पाणी मागून घ्यावं, असा अनुभवी पालकांचा सल्ला होता.

"वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "आमचं काहीच म्हणणं नाही. यंत्र म्हणतंय."

कागदावर वर ठकीचं नाव, खाली इयत्ता चौथी, आणि त्याखाली एक रकाना : 'या सहामाहीतील ऑनलाइन वाचन, मिनिटांत.' रकान्यात एक सुबक, गरगरीत शून्य बसलं होतं.

ठकीच्या आईने कागद उलटून पाहिला. उरलेली मिनिटं मागच्या बाजूला लिहिली असतील, अशी तिला वेडी आशा वाटली असावी. मागे काही नव्हतं.

"बाई, ही मुलगी जेवताना वाचते, वेणी घालताना वाचते. परवा दात घासता घासता वाचत होती, तो सगळा फेस टॅबलेटवर सांडला."

"सगळ्या आया असंच म्हणतात," मोठ्या बाई मायेने म्हणाल्या. "पण अहो, वर्गातलं आळशातलं आळशी पोर पाच-सात मिनिटं तरी करतं. शून्य यायला म्हणजे तसे कष्टच घ्यावे लागतात."

मग त्यांनी निर्णय सांगितला. शंभर मिनिटांच्या आतली मुलं 'साहाय्य गटा'त जाणार. तात्पुरती यादी तयार होती, ती सोमवारी फलकावर लागणार होती. गुरुवारी सगळ्या वर्गाला ग्रंथालयाचा तास असे. त्या तासाला साहाय्य गटाने ग्रंथालयात न जाता वर्गात बसून शब्दांच्या पट्ट्या वाचायच्या. घर, फूल, मासा. उरलेलं वर्षभर.

"म्हणजे ज्यांचं वाचन कमी, त्यांना पुस्तकांपासून लांब ठेवायचं?"

"आधी पाया, मग कळस," मोठ्या बाई म्हणाल्या. शहाणपणाचं वाक्य सापडलं की माणूस त्याच्या आड निवांत उभा राहू शकतो.

बाहेर फलकावर शाळेतल्या सर्वोत्तम वाचकाचा फोटो लावला होता. सहाशे चाळीस मिनिटं. कोणतं पुस्तक आवडलं, असं विचारल्यावर त्याने "निळं" असं उत्तर दिलं होतं, आणि ते फोटोखाली कौतुकाने छापलं होतं.

ठकीची आई हे सगळं मुकाट्याने ऐकून बाहेर पडली. एरवी ती ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. पण त्या कागदाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, मोजणी करणाऱ्या कंपनीचं चिन्ह छापलेलं होतं. रोज सकाळी साडेनऊला ज्या काचेच्या दारातून ती आत जायची, त्या दारावर तेच चिन्ह होतं. वाचनाची मिनिटं मोजणारा कोड तिनेच लिहिला होता. दात आपले आणि ओठही आपलेच. तक्रार करायची कुणाकडे?

*

ठकी हे काही मुलीचं खरं नाव नव्हे. तान्ही असताना बसवलं की लाकडी ठकी बाहुलीसारखी बसल्या जागी बसून राहायची, म्हणून ते चिकटलं. एवढंच की आता हातात पुस्तक असलं तरच बसायची.

त्या संध्याकाळी मात्र वेगळंच दृश्य होतं. ठकी टेबलाशी ताठ बसून टॅबलेटवर टिचक्या मारत होती. टिक, टिक, टिक. पानं फडाफडा उलटत होती. पुढे दहा, मागे दहा.

"काय वाचतेस गं?"

"वाचत नाहीये. मिनिटं करतेय. बाईंनी सांगितलं माझी शून्य आहेत म्हणून. आई, मला खरंच वाचता येत नाही का गं?"

यादी, गट, पट्ट्या हे सगळं एका पारड्यात आणि हा प्रश्न एका पारड्यात. पोरगी अजून आठ दिवस अशा टिचक्या मारत बसली, तर यंत्राचं म्हणणं आपोआप खरं होणार होतं.

ठकीचे बाबा वीजमिस्त्री. ते कोपऱ्यात बसून बूट सोडत होते. ते म्हणाले, "अगं, मीटर उलटं जोडलं ना, तर घर वीज खात नाही, उलट देतं असं दिसतं. घराला कुणी दोष देतं का? कोणी जोडलंय ते बघायचं."

"मीच जोडलंय," ठकीची आई म्हणाली.

बाबांनी दुसरा बूट सोडण्यात मन घातलं. संसार वीस वर्षं टिकतो तो उगाच नव्हे.

मग ती ठकीजवळ खुर्ची ओढून बसली. "हे बघ. आपण पुस्तकांच्या साइटवर जातो, तेव्हा पलीकडे सर्व्हर नावाचा एक कारकून बसलेला असतो असं समज. कामाला वाघ, पण भयंकर विसराळू. तू आलीस, एक पान मागितलंस, त्याने ते दिलं, की तो तुला विसरला. दुसरं पान मागायला गेलीस की म्हणतो, आपण कोण?"

"आपल्या आजोबांसारखा."

"आजोबांना निदान तू आवडतेस. याला कुणाशी काही देणंघेणं नाही. म्हणून तू पहिल्यांदा आलीस की तो तुला एक टोकन देतो. चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसं. पुढच्या प्रत्येक टिचकीबरोबर ते टोकन आपोआप त्याला दाखवलं जातं. मग तो वहीत लिहितो, सात नंबर आली, चार वाजून दोन मिनिटं. सात नंबर पुन्हा आली, चार वाजून नऊ. तुझ्या येण्यापासून जाण्यापर्यंतच्या त्या सगळ्या नोंदींना मिळून म्हणायचं सेशन."

"आणि मी गेले हे त्याला कसं कळतं?"

ठकीची आई जरा घुटमळली. "कळत नाही. वीस मिनिटं तुझी टिचकी आली नाही, की तो समजतो, गेली वाटतं."

"आणि मिनिटं कशी मोजतो?"

"शेवटच्या टिचकीच्या वेळेतून पहिल्या टिचकीची वेळ वजा."

ठकीने टॅबलेटकडे पाहिलं. साइटवर एक सोय होती : 'पूर्ण पुस्तक एकाच पानावर.' एकदा उघडलं की बोटाने वर सरकवत सरकवत शेवटपर्यंत जायचं, मध्ये कुणाला काही मागायचं नाही. ठकी कायम तसंच वाचायची.

"मी तर एकदाच टिचकी मारते," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे माझी पहिली तीच शेवटची. चारातून चार गेले."

"शून्य," बाबा कोपऱ्यातून म्हणाले.

"असं कुणी ठरवलं?"

आता हे सांगणं भाग होतं. तीन वर्षांपूर्वी कंपनीकडे चपला-बूट विकणारी एक साइट होती. कोण किती वेळ बूट बघतं ते मालकाला हवं होतं. जो एकच बूट बघून निघून जातो, त्याला मनातून काही घ्यायचं नसतं. म्हणून त्याला शून्य धरायचं, असं ठकीच्या आईने त्या वेळी ठरवलं होतं आणि सगळ्यांनी तिची पाठ थोपटली होती. पुढे बूटवाला गेला आणि शाळा आल्या. साहेब म्हणाले, मोजायचा कोड तयार आहेच की, बुटाच्या जागी पुस्तक लिहा. तिने लिहिलं. पायातलं उचलून डोक्यावर ठेवायला तिला अर्धी दुपार पुरली होती.

"आई," ठकी म्हणाली, "मग त्याला सांग ना, दर मिनिटाला खिडकीतून डोकावून बघ म्हणून, मी बसलेय का."

"तसं करता येतं. पान उघडं असेपर्यंत दर मिनिटाला ते स्वतःच कळवतं, 'आहे अजून.'"

ठकीने क्षणभर विचार केला. "पण मी पुस्तक उघडं ठेवून झोपले तर?"

"तरी मोजेल."

"मग ते वाचन कुठे झालं? ती तर झोपेची मिनिटं."

कंपनीत सहा जण पदवीधर होते, आणि साहेबांकडे तर दोन पदव्या होत्या. हा प्रश्न तीन वर्षांत एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांच्या मागे भिंतीवर एक मोठा आलेख होता. त्यातली रेघ डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात चढत गेलेली होती. कशाची रेघ, ते मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

तिने सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक कुठाय?" ते म्हणाले.

"सर, तासभर वाचणाऱ्या मुलाला आपण शून्य देतोय."

"शून्य हासुद्धा एक आकडाच आहे, मॅडम. रकाना रिकामा आला असता तर मी म्हटलं असतं, चूक झाली. रकाना भरलेला आहे ना?"

"भरलेला आहे, पण खोटा."

"खोटा म्हणू नका, वेगळा म्हणा. आणि दुरुस्त करायचं म्हटलं, तर सगळ्याच शाळांचे आकडे हलणार. ज्या शाळेचा आज पहिला नंबर आहे, तिने प्रवेशद्वारावर फलक लावलाय हो, सहा फुटी! तो काय तुम्ही जाऊन उतरवणार?"

"पण सर, या आकड्यांवरून मुलांचे गट पाडतायत."

"गट शाळा पाडते. आपण फक्त मोजतो." साहेबांनी हात झटकले. खरंच झटकले, टेबलावर बिस्किटाचा चुरा होता. "आणि एक लक्षात ठेवा. हे या दाराबाहेर जाता कामा नये. गेलं, तर तुम्हाला मिनिटं मोजायला दुसरं ऑफिस शोधावं लागेल."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर तिने त्या शाळेच्या नोंदी उघडल्या. एक ओळ लिहायची, शून्याच्या जागी पाचशे टाकायचे. कुणाला पत्ता लागला नसता. लोक याहून थोर कामं याहून कमी लाजेने करतात. तिने ती ओळ लिहिलीसुद्धा. पण बटण दाबण्याआधी यादी जरा वर सरकली, आणि तिला ठकीच्या शून्याच्या आसपास आणखी शून्यं दिसली. नावं नव्हती, नुसते नंबर; ठकीचा तेवढा तिला ठाऊक होता. एकट्या त्या शाळेत ठकीचं धरून सात. काही शून्यांपुढे रोज एक टिचकी होती, सुट्टीच्या दिवशीही. रोज न चुकता येऊन रोज शून्य कमावणारी मुलं.

एकाचं शून्य खोडायचं आणि सहांची ठेवायची? तिने लिहिलेली ओळ एकेका अक्षराने पुसून काढली. डबा तसाच राहिला.

*

शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी ती मोठ्या बाईंसमोर पुन्हा बसली. या खेपेला कागद तिने पुढे सरकवला. दोन पानं, स्वतःच्या हाताने लिहिलेली, खाली सही.

मोठ्या बाईंनी सावकाश वाचलं. मग चष्मा काढला.

"म्हणजे हे यंत्र तुमचं?"

"मोजणी माझी."

"आणि मंगळवारी तुम्ही याच खुर्चीत गप्प बसून होतात?"

"हो. लाज वाटली."

मोठ्या बाईंनी दोन्ही पानं उलटून पुन्हा पाहिली. "पालक मला रोज खोटं सांगतात," त्या म्हणाल्या. "तुमचंच पोर यादीत असताना तुम्ही सांगणार की यादी चूक आहे. मी तुमच्या जागी असते तर मीही तेच सांगितलं असतं. यावर तुमच्या कंपनीचा शिक्का का नाही?"

"कंपनीला कळलं तर माझी नोकरी जाईल."

"हं." चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला. "शून्यं किती म्हणालात? सात?" त्यांनी यादी काढली, नावं पाहिली, आणि शिपाईमामांना हाक मारली. "मामा, ही सात मुलं अजून मैदानात असतील. बोलवा."

सात मुलं आली. ऑफिसात बोलावलं म्हणजे काहीतरी फुटलं असणार, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून आत येताच एक जण म्हणाला, "बाई, काच आधीपासूनच तडकलेली होती."

"काचेचं नंतर बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. "ऑनलाइन पुस्तकं कोण कोण वाचतं?"

सहा हात वर झाले. सातवा, म्हणजे काचवाला, जमिनीकडे बघत होता.

"तू रे?"

"मी पुस्तक उघडून ठेवतो बाई. मग आईला वाटतं मी वाचतोय. मी खाली मांजरं बघतो."

"शाबास. निदान यंत्र एकाच्या बाबतीत तरी बरोबर निघालं." मोठ्या बाईंनी ठकीकडे बोट केलं. "तू काय वाचलंस?"

ठकीने गोष्ट सांगायला घेतली. दीपगृह राखणारा एक म्हातारा होता. त्याची एक शेळी होती. जहाजांच्या नोंदी तो ज्या वहीत करायचा, त्या वहीची पानं ती शेळी खायची, पण फक्त वादळाच्या दिवसांची. ठकीची सांगायची रीत अशी, की शेळीने एक पान खाल्लं तर ते कोणत्या कोपऱ्यापासून खाल्लं हेही यायचं. एका मुलीला राहवेना. "अगं, बोटीतल्या बाईचं सांग!" "तिच्यावर येतेच आहे." "मी पण वाचलंय ते, शेळी शेवटी—" "सांगू नकोस!" मग सगळीच एकदम बोलायला लागली. एकीने भूगर्भातल्या माशांचं काढलं, एकाला आपण वाचलेल्या चोराची चाल करून दाखवायची होती, तो खुर्चीवर आपटला. मांजरवाला तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"पुरे!" मोठ्या बाई म्हणाल्या. "शेळी वादळाचीच पानं बरी ओळखून खाते? हे पुस्तकात आहे, की तू आत्ता इथे उभी राहून रचलंस?"

"पुस्तकातच आहे. तुम्हीच बघा वाचून."

"बघणारच आहे. रविवार मोकळा आहे माझा. सोमवारी सकाळी ठरवेन, यादी लावायची की नाही."

"मग एकाच पानावर उघडा बाई," ठकी आपुलकीने म्हणाली. "सारखं सारखं टिचक्या माराव्या लागत नाहीत."

ठकीच्या आईने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. काही धडे दुसऱ्याने सांगितले तर नुसते पाठ होतात. स्वतः करून पाहिले की समजतात.

*

रविवारी मोठ्या बाईंनी आपल्या लॉगिनने पुस्तक उघडलं, एकाच पानावर. दहा वाजता बसल्या. वही खाल्ल्यामुळे म्हाताऱ्यावर आळ येतो, तिथे त्या शेळीवर मनापासून चिडल्या. बोटीतली बाई किनाऱ्याला लागली तेव्हा दीड वाजून गेला होता आणि भात पातेल्याला लागला होता.

सोमवारी सकाळी साइटने नेहमीप्रमाणे शाळेला साप्ताहिक अहवाल पाठवला. त्यात शिक्षकांचाही एक रकाना असे. मोठ्या बाईंच्या नावापुढे शून्य होतं आणि खाली हिरव्या अक्षरांत सूचना होती : 'आपले वाचन अपेक्षेपेक्षा कमी आहे. निराश होऊ नका. रोज थोडे थोडे वाचा. छोट्या शब्दांपासून सुरुवात करा.'

बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईने हे दोनदा वाचलं. मग फोन उचलला.

त्या वेळी ठकीची आई आपल्या टेबलाशी बसली होती. ड्रॉवरमधल्या चार वस्तू तिने पिशवीत भरून ठेवल्या होत्या. हाकललं तर आवराआवर करत बसायला नको. केबिनच्या काचेतून साहेब दिसत होते. फोन कानाला लावून ते आधी हसत होते. मग नुसते "हो मॅडम" म्हणत होते. मग उभे राहिले. शेवटी शेवटी तर ते छडी खाल्लेल्या पोरासारखे दिसत होते, आणि मोकळा हात त्यांनी नकळत पाठीमागे नेला होता.

ते बाहेर आले. तिच्या टेबलापाशी थांबले. पिशवीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

"अहो मॅडम, एका मुख्याध्यापिकेचा फोन होता. म्हणतात, आपल्या मोजणीत मोठीच चूक सापडलीय. त्यांना स्वतःला सापडली! रविवारी स्वतः तपासून बघितलं म्हणे." त्यांनी कपाळ पुसलं. "पत्र देताय, मिनिटांवरून गट पाडू नयेत असं सगळ्या शाळांना आजच्या आज कळवताय, की मी येऊ तिकडे, असं विचारत होत्या. तीन वर्षं इतकी साधी गोष्ट आपल्यात कुणाच्या ध्यानात कशी आली नाही?"

"खरंच," ठकीची आई म्हणाली. "कमाल आहे."

"पत्राचा मसुदा करा. आणि तो मिनिटांचा रकाना तूर्त काढूनच टाका. त्या जागी काय टाकायचं ते मग बघू."

तिने रकाना काढला. त्याला अर्धी दुपारही लागली नाही. पत्रात तिने सरळ लिहिलं, की आमच्या यंत्राला टिचक्या मोजता येतात, वाचन मोजता येत नाही. मुलाने काय वाचलं हे कळायला हवं असेल तर कृपया मुलालाच विचारावं. साहेबांनी 'कृपया' तेवढं अधोरेखित केलं आणि सही केली.

यादी फलकावर लागली नाही. सर्वोत्तम वाचकाचा फोटो मात्र राहिला. मोठ्या बाईंनी त्याला बोलावून निळ्या पुस्तकात काय होतं ते शुक्रवारपर्यंत सांगायला सांगितलं, आणि बिचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा एक पुस्तक वाचावं लागलं.

गुरुवारी ठकी ग्रंथालयाच्या तासाला गेली. कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून ती खिडकीखाली बसली. मांजरवाला शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "ए, त्या शेळीचं पुढे काय झालं?" ठकीने मान वर केली नाही. त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने एका हाताने आपलं पान धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने मागच्या कपाटातली छापील शेळी काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा दोघांनाही हलवून सांगावं लागलं.